खोटा ठरलेला इशारा

रमजानच्या दहाव्या-अकराव्या रात्री बहुतेक मशिदींमध्ये तरावीहच्या नमाजेत कुरआनचा अकरावा पारा पढला जातो. तीस पाऱ्यांचा ग्रंथ महिनाभरात उभ्याने ऐकून पूर्ण करायचा, ही या महिन्याची रीत. कुठे रोज सव्वा पारा होतो, कुठे दीड. बाजारपेठेतील एखाद्या मशिदीत दुकानदारांच्या सोयीने पहिल्या दहा दिवसांतच कुरआन पूर्ण होतो आणि मग ईदची गिऱ्हाइकी सांभाळायला माणसे मोकळी होतात. पण अकरावा पारा कोणत्याही रात्री येवो, तोपर्यंत ऐकणाऱ्याच्या कानांवरून एकामागून एक कित्येक वस्त्या नष्ट होऊन गेलेल्या असतात.

हजरत नूह यांची माणसे पुरात बुडाली. समूद जमातीने डोंगर कोरून घरे केली होती. ती घरे जागच्या जागी राहिली आणि आत माणसे मरून पडली. हजरत लूत यांचे गाव संपले. मदयनचे व्यापारी संपले. प्रत्येक कथेचा साचा थोड्याफार फरकाने सारखाच. गावातलाच एक माणूस उठतो आणि सांगतो की हे वागणे सोडा, नाहीतर परिणाम भोगाल. लोक हसतात, त्याला खोटा ठरवतात, गावाबाहेर काढण्याची धमकी देतात. मग एके दिवशी ते गाव उरत नाही.

अकराव्या पाऱ्यात ‘यूनुस’ नावाचा अध्याय आहे. त्याच्या शेवटाकडे कुरआन जणू हळहळून विचारतो, की एखादे तरी गाव असे का निघाले नाही, जे वेळेत शहाणे झाले आणि ज्याला त्या शहाणपणाचा उपयोग झाला? आणि त्याच दमात एक अपवाद सांगतो. हजरत यूनुस यांचे लोक. त्यांनी ऐकले, म्हणून त्यांच्यावर आलेले संकट टळले आणि त्यांना आणखी काही काळ सुखाने जगू दिले गेले. एका आयतीचा हा मजकूर. एवढ्या सगळ्या इशाऱ्यांमध्ये सबंध गावाने मनावर घेतलेला हा एक इशारा, आणि त्याची नोंद इतकी थोडक्यात की पेंगुळलेल्या नमाजीच्या कानांवरून ती सहज निसटून जावी.

कुरआन त्या गावाचे नाव घेत नाही. परंपरेने ते निनवे म्हणून ओळखले जाते. आजच्या इराकमधील मोसूल शहरासमोर, तैग्रिस नदीच्या पूर्व तीरावर वसलेली ही अ‍ॅसिरियन साम्राज्याची राजधानी. शेजारच्या राज्यांना या शहराच्या नावाने कापरे भरायचे. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत हीच कथा योना संदेष्ट्याच्या नावाने येते. ‘योना’ हे तेथे चारच अध्यायांचे छोटे पुस्तक आहे. कुरआनात या लोकांची संख्या एक लाख किंवा त्याहून अधिक सांगितली आहे, बायबलात १ लाख २० हजारांहून अधिक. म्हणजे एखाद्या वाडीवस्तीची नव्हे, त्या काळातल्या महानगराची ही गोष्ट आहे.

या महानगराने काय केले? बायबलातील कथेनुसार त्याला ४० दिवसांची मुदत मिळाली होती. राजा सिंहासनावरून उतरला, त्याने गोणपाट नेसले, राखेत बसला आणि सगळ्यांनी उपवास करावा असा हुकूम काढला. माणसांनी अन्नपाणी घ्यायचे नाही, गुराढोरांनाही चारा-पाणी द्यायचे नाही, आणि हातून होणारी जबरदस्ती प्रत्येकाने थांबवायची. इब्न कसीर यांच्यासारख्या कुरआनच्या भाष्यकारांनी हे चित्र आणखी जवळून रंगवले आहे. लोक गाव सोडून मोकळ्या रानात गेले. आयांपासून लेकरे, गायींपासून वासरे, सांडणींपासून त्यांची पिल्ले वेगळी केली गेली. मग लेकरे रडू लागली, वासरे हंबरू लागली, आणि त्या आकांतात सगळ्यांनी मिळून माफी मागितली. उपवासाच्या महिन्यात ही गोष्ट ऐकताना मुद्दाम लक्षात घ्यावे असे एक आहे: निनवेने देवासमोर बळी चढवले नाहीत, सोनेनाणे वाहिले नाही. ते उपाशी राहिले आणि त्यांनी अन्याय थांबवला. या दोन्ही गोष्टी राजाच्या एकाच हुकमात होत्या.

नाश आला नाही. म्हणजे इशारा खोटा ठरला.

आणि इशारा देणारे रागावले. बायबलातील योना शहराबाहेर जाऊन बसतात आणि देवाला ऐकवतात, की तू दयाळू आहेस हे मला आधीच ठाऊक होते, म्हणून तर मी सुरुवातीला पळून गेलो होतो. आता माझ्या शब्दाची काय पत राहिली? कुरआनातील क्रम वेगळा आहे. तेथे हजरत यूनुस रागाच्या भरात आपल्या लोकांना सोडून निघून जातात, भरलेल्या जहाजात चढतात, चिठ्ठ्या टाकल्यावर नाव त्यांचेच निघते आणि मासा त्यांना गिळतो. क्रम कोणताही धरा, राग दोन्हीकडे आहे. माणसाचा हा राग कोणालाही ओळखू येईल. ‘मी सांगत होतो, बघ’ असे म्हणण्याची संधी हुकली की भल्याभल्यांना चुटपुट लागते.

ज्योतिषी आणि पैगंबर यांच्यातला फरक येथे आहे. ज्योतिष्याचे भाकीत खरे झाले की त्याचा भाव वाढतो. पैगंबराच्या इशाऱ्याचे उलटे आहे. तंबाखू सोडा नाहीतर जिवावर बेतेल, असे सांगणाऱ्या डॉक्टरचे शब्द ज्या दिवशी खरे ठरतात, त्या दिवशी डॉक्टर हरलेला असतो. कुरआन पैगंबरांना दोन नावे जोडीने देतो: बशीर, म्हणजे शुभवार्ता देणारा, आणि नजीर, म्हणजे सावध करणारा. सावध करणे आणि शाप देणे यांत फरक आहे. सावध त्यालाच केले जाते, जो वाचावा असे वाटते.

माशाच्या पोटातल्या अंधारात हजरत यूनुस यांनी जी प्रार्थना केली, ती मुस्लिम घरांमध्ये ‘आयते करीमा’ या नावाने पाठ असते. घरात मोठे आजारपण आले, कोर्टकचेरीचे संकट आले की शेजारपाजारच्या बाया जमतात, चादर अंथरली जाते, मध्ये खजुराच्या बियांचा किंवा चिंचोक्यांचा ढीग ठेवला जातो आणि सव्वा लाख वेळा ती आयत पढली जाते. तिचा आशय ढिगातली बी उचलताना फारसा कोणाच्या मनात येत नसावा. त्या प्रार्थनेत निनवेच्या लोकांबद्दल तक्रारीचा एक शब्द नाही. अल्लाहशिवाय कोणी पूज्य नाही, तो सर्व दोषांपासून मुक्त आहे, आणि चूक करणारा मीच होतो, इतकेच त्या सांगतात. एका अख्ख्या शहराला त्याचे दोष सांगायला पाठवलेला माणूस अंधारात सापडल्यावर बोट स्वतःकडे वळवतो.

ही कथा कुरआनात एका जागी सलग नाही. अकराव्या पाऱ्यात गाव वाचल्याची वार्ता येते, सतराव्यात ही प्रार्थना, तेविसाव्यात जहाज, मासा आणि किनाऱ्यावर सावली धरणारा वेल, आणि एकोणतिसाव्यात खुद्द हजरत मुहम्मद (स.) यांना सूचना येते, की धीर धर, त्या माशावाल्यासारखा होऊ नकोस. बरोबर सहा-सहा पाऱ्यांच्या अंतराने. हा योगायोग म्हणावा, पण महिनाभर तरावीहला उभे राहणाऱ्याला दर आठवड्याला एकदा हजरत यूनुस भेटतात, हे खरे.

इतरांनाही ते भेटतात. ज्यू धर्मीयांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पुरला, पंचवीस तासांच्या कडकडीत उपवासात दुपारच्या प्रार्थनेवेळी योनाचे पुस्तक वाचतात. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे रायगडकडच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, या दिवसाला मराठीत ‘दारफळणीचा सण’ म्हणत. घराची दारे लावून घ्यायची आणि दिवसभर आत उपवास-प्रार्थनेत राहायचे. सुरियानी परंपरेतले ख्रिस्ती आपल्या मोठ्या उपवासकाळाच्या सुमारे तीन आठवडे आधी तीन दिवस ‘निनवेचा उपवास’ पाळतात. केरळमध्ये त्याला ‘मून्नु नोंबु’, म्हणजे तीन उपवास, असेच म्हणतात आणि कोट्टयम जिल्ह्यातील कुरविलंगाडच्या चर्चमध्ये त्या वेळी योनाच्या जहाजाची आठवण म्हणून लाकडी जहाज मिरवणुकीत खांद्यावर नाचवले जाते. एका शहराने कधी काळी केलेला उपवास तीन धर्मांच्या आठवणीत राहिला आहे.

इतकी सुंदर गोष्ट हाताशी असताना ईश्वरी न्यायाच्या नावाने आज जे कानांवर पडते, ते मात्र वेगळेच. कुठे भूकंप झाला, धरण फुटले, साथ आली, की तासाभरात मोबाइलवर निरोप फिरू लागतात. कयामतच्या खुणा क्रमांक घालून पाठवल्या जातात. अमक्या देशात अमके पाप होते म्हणून त्यांना ही शिक्षा, असा निकाल चहा संपायच्या आत लागतो. हे फक्त मुसलमानांमध्ये होते असे नाही. प्रत्येक धर्माच्या गटावर त्या त्या रंगाचे निरोप असतात. पण रमजानच्या पानावर आधी आपल्याच घरचे बोललेले बरे.

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामी आली. पुढच्या काही आठवड्यांत एक उपग्रहचित्र जगभर फिरले. श्रीलंकेच्या किनाऱ्यावरून मागे हटणाऱ्या लाटेच्या फेसाळ वळणात अरबी लिपीतले अल्लाहचे नाव दिसते, म्हणजे ही त्याने केलेली सही आहे, असे सांगितले जात होते. ते चित्र कौतुकाने पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी नकाशावर आचे शोधला असेल? इंडोनेशियाचा हा प्रांत. सर्वाधिक माणसे तेथे गेली, दीड लाखाहून अधिक. आणि या प्रांताची ओळख काय? ‘मक्केची ओसरी’. हजला निघालेली जहाजे तेथूनच मक्केची वाट धरत आणि धर्मपालनाबद्दल तो सगळ्या इंडोनेशियात प्रसिद्ध. लाट म्हणजे निकालपत्र असेल तर ते मक्केच्या ओसरीवर का बजावले गेले, याचे उत्तर त्या चित्राखाली कोणी लिहिले नव्हते.

महाराष्ट्राला एवढे लांब जाण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून माणसे घरी येऊन झोपली असताना, किल्लारी परिसरात जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे मेली. बहुतेक जण दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि मातीच्या जड धाब्यांखाली गाडले गेले. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरे घात करून गेली. तेव्हाही पाप शोधणारे निघालेच होते. मात्र भिंती चिखलात रचल्या होत्या हे कारण ढिगाऱ्यात उघडे पडलेले दिसत होते, आणि त्यातून पुढची घरे कशी बांधावीत हेही कळत होते.

याबाबतीत मुसलमानाला तरी संभ्रम असण्याचे कारण नाही. बुखारी यांच्या संग्रहातील एका हदीसमध्ये हजरत मुहम्मद (स.) यांनी शहीद कोणाला म्हणावे हे सांगितले आहे. युद्धात पडलेला तर आहेच. त्याच्याबरोबर साथीच्या रोगाने गेलेला, पोटाच्या विकाराने गेलेला, बुडून मेलेला आणि ढासळलेल्या बांधकामाखाली सापडलेला, हेही शहीद. भिंतीखाली मेलेल्या माणसाला ज्यांनी हा दर्जा दिला, त्यांच्याच नावाने त्या माणसाला शिक्षा झालेला पापी ठरवायचे, हा कोणता न्याय? आणि कयामत कधी, या प्रश्नावर तर खुद्द पैगंबरांना उत्तर द्यायला सांगितले गेले, की ते ज्ञान फक्त अल्लाहकडे आहे. खुणांचे क्रमांक मोजत बसलेल्यांनी हेही पुढे पाठवायला हरकत नाही.

या वादात एक थोर भारतीय प्रसंग आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यताविरोधी दौऱ्यावर दक्षिणेत असलेल्या महात्मा गांधींनी म्हटले, की अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ही ईश्वरी शिक्षा आहे. अस्पृश्यतेच्या विरोधात गांधींइतकेच ठाम असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी या विधानाला कडक हरकत घेतली. भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, आणि असा तर्क उद्या विरोधकही वापरतील, हे त्यांचे म्हणणे. गांधींनी ते पत्रक आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापले आणि उत्तर दिले. भूकंपाच्या कारणापुरते टागोर बरोबर होते. पडलेल्या घरांखाली अस्पृश्यही मेले होते, त्यांना कोणत्या पापाची शिक्षा? पण गांधींच्या बाजूने एक गोष्ट मांडायला हवी. त्यांनी बोट शेजाऱ्याकडे दाखवले नव्हते. पाप आपले, आपल्या धर्मबांधवांचे, त्यात मीही आलो, असे ते म्हणत होते. आजच्या निरोपांमध्ये नेमके तेवढेच नसते. शिक्षा नेहमी दुसऱ्या गल्लीवर कोसळते.

कुरआनात हा आपपरभाव उलटा आहे. इशारा देणाऱ्याला तो त्या लोकांचा ‘भाऊ’ म्हणतो: आद लोकांकडे त्यांचे भाऊ हूद, समूदांकडे त्यांचे भाऊ सालेह, मदयनकडे त्यांचे भाऊ शुऐब. मक्केत उघडपणे बोलण्याची वेळ आली तेव्हा पैगंबरांना आधी आपल्या जवळच्या नातलगांना सावध करण्याची आज्ञा झाली. त्यांनी कुळाकुळाला हाक मारली आणि शेवटी मुलीचे, फातिमा यांचे नाव घेतले. माझ्या मालमत्तेतले हवे ते माग, पण अल्लाहसमोर मी तुझ्या कामी येऊ शकणार नाही, असा त्या बोलण्याचा आशय होता. सगळ्यात कठोर इशारा घरातल्या सर्वात लाडक्या व्यक्तीला.

बायबलातील आमोस संदेष्ट्याची रीतही पाहण्यासारखी आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला हा तकोवाचा मेंढपाळ. तो सुरुवात करतो दिमिष्कापासून, मग गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. शेजारच्या एकेका राज्याचे पाप आणि त्याची शिक्षा. ऐकणारे माना डोलावत असणार. मग यहूदा येतो आणि सरतेशेवटी ज्यांच्यासमोर तो उभा आहे ते इस्राएलच. त्यांचा गुन्हा कोणता, तर गरिबाला पायताणाच्या जोडीसाठी विकणे, माप लहान करणे, तागडीत खोट ठेवणे.

ही तागडी कुरआनात मदयनच्या बाजारात पुन्हा दिसते. हजरत शुऐब आपल्या लोकांना दोनच गोष्टी सांगत राहिले: एका अल्लाहची भक्ती करा आणि माप पुरे भरा. लोकांनी त्यांना विचारले, की आमच्या पैशाचे आम्ही काय करावे हेही आता तुझी नमाज ठरवणार का? अगदी आजच्या व्यापारपेठेत शोभावा असा टोमणा. मराठीत वजनात फसवण्याला ‘काटा मारणे’ म्हणतात, आणि ऊस उत्पादकांच्या बोलण्यातला ‘काटामारी’ हा शब्द तर आंदोलनांतून वर्तमानपत्रांत आला. ईश्वरी कोपाची भाषा जेव्हा खरोखर उतरली, तेव्हा ती बहुधा अशा जागी उतरली: काट्यावर, मजुरीवर, अनाथाच्या वाट्यावर. रमजानमध्ये संध्याकाळी पाच ते सात या वेळात केळी, कलिंगड आणि खजूर यांचे भाव काय होतात हे शहरातल्या कोणत्याही धर्माच्या गृहिणीला माहीत आहे. उपवास सोडणाऱ्याला फळ लागणारच, हे ओळखून वाढवलेला तो भाव घेणारा आणि देणारा, दोघेही रोजेदार असू शकतात. तरावीहला एकाच सफीत उभे राहून दोघेही मदयनची कथा ऐकतात.

न्याय अल्लाहचा असतो हे विसरून माणसाने तो स्वतःच्या हातात घेतला की काय होते, हे निनवेनेच अलीकडे पाहिले. मोसूलसमोरच्या टेकडीवर हजरत यूनुस यांच्या नावाची मशीद आणि दर्गा होता. ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांनाच ती जागा आदराची. स्वतःला इस्लामिक स्टेट म्हणवणाऱ्या टोळीने २४ जुलै २०१४ रोजी स्फोटके लावून ती उडवून दिली. त्याच महिन्यात मोसूलच्या ख्रिस्ती कुटुंबांना घरेदारे टाकून जावे लागले. त्यांच्यात निनवेचा उपवास पिढ्यान्‌पिढ्या पाळणारे होते. शहर परत मिळाल्यावर पुरातत्त्वज्ञ त्या टेकडीत उतरले, तेव्हा टोळीने मूर्ती चोरण्यासाठी खणलेल्या बोगद्यांत त्यांना अ‍ॅसिरियन राजा एसारहद्दोनच्या काळचे शिलालेख सापडले. माफी मिळालेल्या शहराची आठवण पुसायला निघालेल्यांच्या कुदळीखाली ते शहरच वर आले.

निनवेचे नाव हजरत मुहम्मद (स.) यांच्या चरित्रात एकदा अगदी अनपेक्षित ठिकाणी येते. पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब यांच्या मृत्यूनंतर, सन ६१९ च्या सुमारास, मक्केत राहणे अवघड झाले म्हणून ते डोंगरावरच्या ताइफ गावी गेले. तेथल्या सकीफ जमातीच्या सरदारांनी त्यांना हिणवून परत पाठवले आणि गल्लीतल्या पोरांना त्यांच्यावर सोडले. दगडांनी पाय रक्ताळले. गावाबाहेरच्या एका द्राक्षबागेत ते सावलीला बसले. बागेचे मालक मक्केचेच, त्यांचे विरोधक. पण त्यांनाही दया आली आणि त्यांनी आपला गुलाम अद्दास याच्या हाती द्राक्षांचा घड पाठवला. पैगंबरांनी अल्लाहचे नाव घेऊन घास घेतला. इथले लोक असे म्हणत नाहीत, अद्दास चकित होऊन म्हणाला. तू कुठला, असे त्यांनी विचारले. तो ख्रिस्ती होता, निनवेचा. सज्जन यूनुस बिन मत्ता यांच्या गावचा, असे ते उद्गारले. तुम्हाला ते कसे माहीत, असे अद्दासने विचारताच उत्तर आले, की ते माझे भाऊ. तेही पैगंबर होते, मीही पैगंबर आहे.

याच परतीच्या वाटेवर, हदीसमध्ये सांगितल्याप्रमाणे, पर्वतांचा फरिश्ता त्यांच्यासमोर आला आणि म्हणाला, की हुकूम करा, दोन्ही बाजूंचे डोंगर या लोकांवर आणून टाकतो. त्यांनी नकार दिला. यांच्या पोटी एका अल्लाहची भक्ती करणारी माणसे जन्मतील अशी आशा त्यांनी बोलून दाखवली. दगडांच्या जखमा तेव्हा ओल्याच होत्या. हजरत यूनुस यांच्यापेक्षा मी श्रेष्ठ आहे असे कोणी म्हणू नये, असेही त्यांचे सांगणे हदीसमध्ये आहे.

ताइफने त्यानंतरही दहा वर्षे ऐकले नाही. ६३० मध्ये गावाला वेढा पडला, तो निष्फळ ठरला. सकीफांना शाप द्या, अशी सोबत्यांनी विनंती केली, तेव्हा पैगंबरांनी हात उचलून सकीफांना सद्बुद्धी मिळो अशी प्रार्थना केली. त्याच वर्षाच्या अखेरीस ताइफची माणसे आपण होऊन मदीनेत आली. महिना रमजानचा होता. त्यांच्यासाठी मशिदीच्या आवारात तंबू ठोकला गेला. बोलणी झाली, त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि उरलेले रोजे मदीनेतच धरले. त्यांची सहरी आणि इफ्तारी घेऊन हजरत बिलाल रोज तंबूत येत. नव्यानेच रोजा धरणारी ती माणसे संध्याकाळी बाहेर डोकावून म्हणत, की सूर्य अजून पुरता बुडालेला दिसत नाही. मी अल्लाहच्या रसूलना रोजा सोडताना पाहूनच आलो आहे, असे बिलाल त्यांना सांगत, आणि त्यांची शंका फिटावी म्हणून ताटात हात घालून पहिला घास स्वतः घेत.